बोअरच्या मोटरीचा बिघाड करंटवरून आधी कळेल का? एम.टेक.च्या एका विद्यार्थ्याला सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही निपाणीजवळच्या गावचे, बेळगावात इलेक्ट्रिकलमध्ये एम.टेक. करताय. घरच्या बोअरची ५ एचपीची सबमर्सिबल मोटर दोन वर्षांत तीनदा जळाली, म्हणून मोटर जळायच्या आधी सूचना देणारं यंत्र हाच प्रबंधाचा विषय घेतलात. अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाच्या बेअरिंग डेटासेटवर न्यूरल नेटवर्क, म्हणजे नोंदी पाहून बिघाड ओळखायला शिकणारा संगणकी प्रोग्राम, शिकवलंत आणि ९९ टक्के अचूकता मिळाली. मग स्टार्टरमध्ये सीटी, म्हणजे करंट मोजायचा छोटा ट्रान्सफॉर्मर, बसवून तीच रचना घरच्या मोटरीच्या करंटवर लावली, तर यंत्र रोज बिघाड दाखवतंय आणि मोटर मात्र पाणी उपसतेय. आता तुम्ही तीन गोष्टी विचारताय. नेटवर्क आणखी खोल करावं का? भौतिकशास्त्राचे प्राध्यापक म्हणतात तसा टनेलिंग मॅग्नेटोरेझिस्टन्सचा, म्हणजे टीएमआर हा चुंबकीय क्षेत्र मोजणारा सेन्सर घ्यावा का? आणि या विषयात संशोधन म्हणावं असं काही उरलंय का, की गाइड म्हणतात तसा विषयच बदलावा?

मी सत्तावीस वर्षं मोटरींच्या कामात आहे. पहिली बारा वर्षं रिवाइंडिंगच्या दुकानात गेली, पुढची उद्यमबागेत मोटरी तपासण्यात. आता विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांना बाहेरून मदत करतो. विषय बदलू नका, त्यात भरपूर काम शिल्लक आहे. फक्त तुम्ही जिथे बोअर मारताय तिथे पाणी लागणार नाही, जागा थोडी सरकवायला हवी.

सगळ्यात आधी मोटर उघडून बघा. पाण्यात बुडणारी, आत पाणी भरलेली, आपल्याकडे सर्रास वापरतात ती सबमर्सिबल मोटर उघडली तर तिच्यात बहुधा छर्ऱ्यांचं बेअरिंगच सापडत नाही. कार्बनचे किंवा धातूचे बुश असतात, खाली थ्रस्टचा पॅड असतो आणि वंगण म्हणजे आतलंच पाणी. तुम्ही ज्या डेटासेटवर शिकवलंत, त्यात २ एचपीच्या मोटरीच्या छर्ऱ्यांच्या बेअरिंगवर विजेच्या ठिणगीने बारीक खड्डे पाडले होते. इंचाच्या सात हजारांशापासून पुढच्या मापाचे. कंपनं सेकंदाला १२ हजार आणि ४८ हजार नमुन्यांनी नोंदवली होती. मोटर अमेरिकेतली, ६० हर्ट्झची, मिनिटाला १८०० फेऱ्यांच्या जरा खाली फिरणारी. तुमची मोटर ५० हर्ट्झची, दोन पोलची, २८५० ते २९०० च्या आसपास फिरणारी. कंपनमापक लावायचा म्हटला तर ती दोनशे-तीनशे फूट खाली आहे. त्या नेटवर्कला तुमच्या मोटरीची भाषा कुणी शिकवलेलीच नाही. वेदगंगेच्या काठावर बसवलेली मोनोब्लॉक, म्हणजे पाण्याबाहेर राहणारी, पंप जोडलेली मोटर असती, तर निदान बेअरिंगचा प्रश्न तरी लागू पडला असता.

आता त्या ९९ टक्क्यांबद्दल. हे मी बऱ्याच प्रबंधांत पाहिलंय आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं, कारण पोरांनी कष्ट प्रामाणिकपणे केलेले असतात. एक नोंद १० सेकंदांची, १२ हजार नमुन्यांनी घेतली तर १ लाख २० हजार आकडे होतात. त्यांचे १०२४ आकड्यांचे तुकडे केले की ११७ तुकडे मिळतात. हे तुकडे पत्त्यांसारखे पिसून ८० टक्के शिकवायला आणि २० टक्के तपासायला घेतले, तर तपासणीतला प्रत्येक तुकडा शिकवणीतल्या कुठल्या तरी तुकड्याचा सख्खा भाऊ असतो. तेच बेअरिंग, तोच सेन्सर, त्याच दिवशी त्याच बोल्टने आवळलेला. नेटवर्क बिघाड ओळखत नाही, ते ती नोंद ओळखतं. विभागणी मोटरीप्रमाणे करा. ज्या मोटरीचा एकही तुकडा शिकवणीत नाही, तिच्यावरच तपासा. आकडा खाली येईल, कदाचित फार खाली येईल. गाइडना तोच दाखवा. नेटवर्क खोल केलंत तर ते ती नोंद आणखी घट्ट पाठ करेल, त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नको’ असंच आहे.

सराव हवाच असेल तर जर्मनीतल्या पाडरबॉर्न विद्यापीठाचा डेटासेट घ्या. त्यात कंपनांबरोबर मोटरीच्या करंटच्याही नोंदी आहेत. एकूण ३२ बेअरिंगं: ६ चांगली, १२ मुद्दाम खराब केलेली आणि १४ चालवून चालवून झिजवलेली. मुद्दाम खराब केलेल्यांवर शिकवा आणि झिजलेल्यांवर तपासा. कृत्रिम बिघाड आणि खरा बिघाड यांत किती अंतर आहे ते एका संध्याकाळी कळेल. पण ही बेअरिंगंही छर्ऱ्यांचीच, हे विसरू नका.

मग तुमची मोटर जळते कशाने? हे मी इथे बसून सांगू शकत नाही, पण तुमच्या गावच्या रिवाइंडिंगवाल्याला ते तिन्ही वेळा दिसलंय. जळकं वाइंडिंग वाचता येतं. वाइंडिंगची जोडणी स्टार किंवा डेल्टा अशा दोन रीतींनी करतात. स्टार जोडणीच्या मोटरीत एक फेज गेली, तर उरलेल्या दोन फेजांतून करंट वाहतो. त्या दोन काळ्या पडतात आणि तिसरी नव्यासारखी राहते. डेल्टात उलटं होतं: उरलेल्या दोन लाइनींच्या मधली एक फेज बहुतेक भार ओढते आणि तीच जळते. तिन्ही फेजा सारख्या करपल्या असतील तर ओव्हरलोड, कमी व्होल्टेज किंवा पंप अडकणं. बाकी सगळं स्वच्छ आणि एकाच कॉइलला काळा डाग असेल तर वेढ्यांमध्ये शॉर्ट. आणि वाइंडिंग ठीक असून मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणारं मीटर, शून्याकडे जात असेल तर बहुतेक वेळा केबलचा पाण्यातला जोड. दुकानात रोज ही माहिती भंगाराच्या तारेबरोबर फेकली जाते. तुम्ही वही घेऊन एका चांगल्या मिस्त्रीजवळ दोन महिने बसलात, प्रत्येक मोटरीचा फोटो, जोडणी, केबलची लांबी आणि गाव लिहून घेतलंत, तर जो डेटा हातात येईल तो विकत मिळत नाही.

१९८० च्या दशकात अमेरिकेत वीजकेंद्रांतल्या मोठ्या मोटरींची पाहणी झाली होती. तिच्यात बिघाडांपैकी सुमारे ४१ टक्के बेअरिंगचे, ३६ टक्के स्टेटरचे, म्हणजे स्थिर भागाचे, आणि ९ टक्क्यांच्या आसपास रोटरचे, म्हणजे फिरत्या भागाचे निघाले. हे आकडे बोअरच्या मोटरीला लावू नयेत. मी ते सांगतोय ते वेगळ्याच कारणासाठी. शोधनिबंधांत रोटरचा तुटलेला बार हा बिघाड त्याच्या खऱ्या प्रमाणापेक्षा फार जास्त दिसतो, कारण तो प्रयोगशाळेत करायला सोपा. रोटरला ड्रिलने भोक पाडलं की झालं. ४ टक्के स्लिप असेल, म्हणजे रोटर फिरत्या चुंबकीय क्षेत्राच्या तेवढा मागे राहत असेल, तर ५० हर्ट्झच्या दोन्ही बाजूंना ४६ आणि ५४ हर्ट्झवर शिखरं उगवतात, आलेखही छान दिसतो. पण माझ्या हाताखालून गेलेल्या सबमर्सिबलमध्ये तुटलेला बार क्वचितच निघाला. त्यावर वर्ष घालवू नका.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. तुमचं यंत्र रोज खोटं का ओरडतं, याचं उत्तर मला एका चुकीतून मिळालं होतं.

बऱ्याच वर्षांपूर्वी हुक्केरी तालुक्यात एका शेतावर मोटर तपासायला गेलो होतो. तीन फेजांचे करंट बघितले, एका फेजला बाकीच्यांपेक्षा अँपिअरभर जास्त. मी सांगितलं, वाइंडिंगमध्ये शॉर्ट आहे, मोटर वर काढा. चार माणसं, चेन-पुली, एकेक पाइप सोडवत दिवस गेला. मोटर उघडली तर वाइंडिंग निर्मळ. ते काका मला एवढंच म्हणाले, ‘साहेब, वर तर काढली, पण तुम्ही म्हणता तसं काय बी दिसंना.’ दोष टीसीवर, म्हणजे लाइनीच्या ट्रान्सफॉर्मरवर होता, सीमेच्या पलीकडे महाराष्ट्रात ज्याला डीपी म्हणतात त्यावर. तिथल्या एका फ्यूजच्या सांध्यावर काजळी धरून त्या फेजचं व्होल्टेज खाली आलं होतं. त्या दिवसाची मजुरी मी दिली, पण उन्हाळ्यात त्यांच्या उसाचं पाणी एक दिवस चुकलं ते चुकलंच. तेव्हापासून व्होल्टेज न मोजता मी करंटवर मत देत नाही.

एवढ्याशा व्होल्टेजच्या फरकाने करंट इतका का बिघडतो, हे नीट समजून घ्या, कारण तुमच्या संशोधनाचं बीज तिथेच आहे. चार्ल्स फोर्टेस्क्यू या विद्युत अभियंत्याने १९१८ मध्ये दाखवून दिलं की तीन फेजांची कुठलीही विषम मांडणी तीन सम मांडण्यांची बेरीज म्हणून लिहिता येते. त्यातला एक भाग सरळ फिरतो, तो पॉझिटिव्ह सिक्वेन्स. एक उलटा फिरतो, तो निगेटिव्ह सिक्वेन्स. तिसरा झिरो सिक्वेन्स, आणि न्यूट्रल नसलेल्या तीन वायरींच्या मोटरीत त्याला वाट नसते. उलट्या फिरणाऱ्या क्षेत्राला सरळ फिरणारा रोटर जवळजवळ दुप्पट वेगाने आडवा जाताना दिसतो. म्हणजे त्या भागापुरती मोटर कायम सुरू होण्याच्या क्षणात अडकल्यासारखी वागते. सुरू होताना मोटर पूर्ण भाराच्या सहा-सात पट करंट ओढते हे आपल्याला माहीत आहे. तोच गुणाकार इथे लागतो. म्हणून व्होल्टेजमध्ये १ टक्का असमतोल असला तर करंटमध्ये साधारण ६ ते १० टक्के असमतोल दिसतो.

आकड्यांत बघू. समजा तीन लाइन व्होल्टेज ३९८, ३८६ आणि ३९२ आहेत. सरासरी ३९२, सर्वांत मोठा फरक ६, म्हणजे असमतोल दीड टक्का. आता करंट समजा १०.४, ८.६ आणि ८.९ अँपिअर. सरासरी ९.३, सर्वांत मोठा फरक १.१, म्हणजे असमतोल जवळपास १२ टक्के. नुसता करंट बघणारा घाबरेल. पण दीड टक्का व्होल्टेजमागे ९ ते १५ टक्के अपेक्षितच आहे, तेव्हा ही मोटर निर्दोष असू शकते. लाइनीच्या शेवटच्या टोकाला, सकाळी सगळ्यांच्या मोटरी एकदम सुरू झाल्यावर, असं व्होल्टेज कुणालाही मिळेल. तुमचं नेटवर्क रोज बहुधा हेच पकडतंय. ते लाइनीचा बिघाड मोटरीच्या नावावर लिहितंय.

जुने मिस्त्री हा घोळ एका युक्तीने सोडवतात. मेन स्विच पाडून, वीज नसल्याची खात्री करून, मोटरीच्या तीन वायरींना १, २, ३ अशा खुणा करायच्या. पहिली जोडणी आर-१, वाय-२, बी-३. दुसरी आर-३, वाय-१, बी-२. तिसरी आर-२, वाय-३, बी-१. फेजांचा क्रम तोच राहतो, त्यामुळे मोटर उलटी फिरत नाही. प्रत्येक जोडणीत तिन्ही करंट लिहायचे. जास्तीचा करंट तिन्ही वेळा त्याच लाइनीवर राहिला तर दोष लाइनीचा. तो वायरीच्या खुणेबरोबर सरकत गेला तर दोष मोटरीचा किंवा केबलचा. हुक्केरीला मी एवढं केलं असतं तर मोटर वर काढावी लागली नसती.

तुमच्या प्रबंधाचा प्रश्न मी असा मांडेन: वायरी न बदलता, नुसत्या मापनातून हा निवाडा करता येईल का? निगेटिव्ह सिक्वेन्सचा जो करंट मोजला जातो त्यात दोन हिस्से असतात. एक, व्होल्टेजच्या निगेटिव्ह सिक्वेन्समुळे आलेला, म्हणजे ते व्होल्टेज गुणिले मोटरीचा निगेटिव्ह सिक्वेन्स ॲडमिटन्स (दर व्होल्टमागे किती करंट वाहतो ते माप). दुसरा, मोटरीच्या आतल्या दोषाचा. हा ॲडमिटन्स भाराबरोबर फारसा हलत नाही, कारण उलट्या क्षेत्राच्या दृष्टीने स्लिप नेहमी दोनच्या आसपास असते. म्हणजे चांगल्या मोटरीवर आठ-पंधरा दिवस व्होल्टेज आणि करंट दोन्ही नोंदवले, तर लाइनीतले चढउतार स्वतःच प्रयोग करून देतात. जे व्होल्टेज प्रयोगशाळेत त्रास देतं, ते इथे तुम्हाला तो ॲडमिटन्स फुकटात मोजून देतं. मग रोजच्या मापनातून लाइनीचा हिस्सा वजा करायचा आणि उरलेल्यावर नजर ठेवायची.

ही कल्पना नवी नाही, वेढ्यांमधल्या शॉर्टवर या मार्गाने बरंच काम झालंय. काम शिल्लक आहे ते शेतावर. आपल्याकडे दिवसातले काही तासच थ्री फेज असते. बाकी वेळी कंडेन्सर लावून दोन फेजांवर मोटर चालवणारे आहेत, आणि तेव्हा निगेटिव्ह सिक्वेन्स इतका प्रचंड असतो की वरचं गणित कोलमडतं. यंत्राला आधी हे ओळखता यायला हवं की मोटर आत्ता कुठल्या रीतीने चालतेय. मशीन लर्निंगला इथे खरं काम आहे. नेटवर्कला कच्ची लहर देण्याऐवजी लाइनीचा हिस्सा वजा करून उरलेलं द्या, आणि चालण्याची रीत, तापमान, व्होल्टेज यांनुसार त्यात काय बदलतं ते शिकू द्या. लहान नेटवर्कही पुरेल.

मापनाची एक खुबी सांगतो, कारण इथे बरेच जण फसतात. निगेटिव्ह सिक्वेन्स ही तीन मोठ्या आकड्यांची वजाबाकी असते, त्यामुळे तीन सीटींमधला लहान फरकही तिथे मोठा दिसतो. स्वस्त चिमटा-सीटीत काही अंशांचा फेजचा फरक सहज असतो. तिन्ही सीटी एकाच वायरीवर अडकवा, मोटर चालवा आणि तिघांचं मापन एकमेकांशी जुळवून घ्या. जे उरेल ती तुमच्या यंत्राची स्वतःची विषमता, ती सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त करा. दुसरं असं की सुरुवातीचा सहापट करंट मावावा म्हणून सीटी आणि रोध निवडले, तर मोटर चालत असतानाचा करंट एडीसीच्या, म्हणजे मापाचे आकडे करणाऱ्या चिपच्या, पल्ल्याच्या सहाव्या हिस्स्यातच राहतो. १० बिटांचं एडीसी जास्तीत जास्त सुमारे ६० डेसिबलचा पल्ला देतं आणि त्यातले १५-१६ तिथेच जातात. पुष्कळ नमुन्यांची सरासरी घेऊन थोडी भर निघते, पण मुळात चांगलं एडीसी घ्या आणि सुरू होण्याचा झटका वेगळ्या, ढोबळ मार्गाने मोजा. आणि चालू मोटरीवर सीटीची दुय्यम बाजू कधीही उघडी सोडू नका, तिथे धोकादायक व्होल्टेज उभं राहतं. अंगभूत रोध असलेला सीटी घेतलात तर ही भीती कमी.

आता टीएमआर सेन्सर. प्राध्यापकांची सूचना चांगली आहे, फक्त जागा वेगळी हवी. जायंट मॅग्नेटोरेझिस्टन्सचा शोध १९८८ मध्ये लागला आणि त्यासाठी अल्बर्ट फर्ट आणि पीटर ग्रूनबर्ग यांना २००७ चं नोबेल मिळालं. टीएमआर हा त्याचाच भाऊबंद. दोन चुंबकीय थरांमध्ये काही अणूंच्या जाडीचा निरोधक थर असतो, इलेक्ट्रॉन क्वांटम टनेलिंगने तो ओलांडतात, आणि दोन थरांच्या चुंबकीय दिशा जुळतात की नाही यावर रोध बदलतो. सामान्य तापमानाला हा परिणाम ठळकपणे १९९५ मध्ये दिसला. १० अँपिअरचा लाइन करंट मोजायला याची गरज नाही, तिथे साधा सीटी उत्तम. गरज आहे ती गळतीच्या करंटसाठी.

माझ्या मते सबमर्सिबलमध्ये खरोखर आधी कळू शकेल असा बिघाड हाच आहे. केबलचा पाण्यातला जोड एकदम मरत नाही. टेप सैल होते, ओल शिरते, रोध मेगाओहममध्ये हळूहळू उतरत जातो. मी असे जोड आठवड्यांमागून आठवडे खाली येताना पाहिले आहेत. या काळात तीन फेजांच्या करंटची बेरीज शून्य राहत नाही, थोडा करंट पाण्यावाटे जमिनीत जातो. पण तो १० मिलिअँपिअर असला, तर लाइन करंट १० अँपिअर आहे, म्हणजे हजारात एक. एकेक टक्का चुकणाऱ्या तीन वेगळ्या सीटींची बेरीज करून तो सापडणं शक्य नाही. तिन्ही वायरी एकाच कड्यातून घातल्या तर मोठे करंट चुंबकीय क्षेत्राच्या पातळीवरच एकमेकांना खोडतात आणि फक्त गळती उरते. त्या कड्याच्या फटीत टीएमआर सेन्सर बसवा. तिथे तुम्हाला भौतिकशास्त्राचा अस्सल प्रश्न भेटेल: या सेन्सरांचा गोंगाट कमी वारंवारतेला वाढत जातो, आणि तुमची ५० हर्ट्झची गळती त्याच भागात आहे. क्षेत्र वाढवून देणारा चुंबकीय गाभा, सेन्सरची मांडणी, तापमानाचा परिणाम, तिन्ही वायरी कड्यात मध्यावर नसल्या तर होणारी चूक, हे सगळं तुमच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांना आवडेल असं काम आहे. लांब केबलमधून निर्दोष असतानाही थोडा कपॅसिटिव्ह करंट वाहतो, कारण वायर आणि जमीन मिळून कंडेन्सरसारखं वागतात, तो पाया धरून वजा करावा लागेल. त्यासाठी गळतीबरोबर व्होल्टेजचा फेजही नोंदवा, म्हणजे ओलीमुळे वाहणारा भाग वेगळा काढता येईल.

वेढ्यांमधला शॉर्ट मात्र इतका सभ्य नसतो. लहान मोटरीत एकदा वेढे भिडले की जळायला महिने लागत नाहीत, कधी तास लागतात, कधी त्याहून कमी. त्यामुळे प्रबंधात ‘महिनाभर आधी सूचना’ असं सरसकट लिहू नका. जोडाची गळती दिवस-आठवडे आधी कळेल, शॉर्ट कळला तर फक्त मोटर बंद करून तिचा लोखंडी गाभा वाचवण्याइतका वेळ मिळेल, आणि एक फेज गेली तर सेकंदांत ट्रिप करावं लागेल. ते शेवटचं काम बाजारातले सिंगल फेज प्रिव्हेंटर करतातच. बोअर आटल्यावर करंट पडतो, तेही ड्राय-रन रिले ओळखतो. तुमचं यंत्र यांच्यापेक्षा वेगळं काय सांगतं, हे परीक्षक विचारणारच.

खोट्या सूचनांचा हिशेबही आधीच करा. समजा २०० मोटरींवर यंत्र बसवलं, दिवसातून एकदा निकाल देतं आणि निर्दोष मोटरीला शंभरात एकदा चुकून दोषी म्हणतं. म्हणजे रोज दोन शेतकऱ्यांना खोटा निरोप. एक मोटर वर काढायला किती खर्च आणि किती माणसं लागतात हे तुम्हाला घरी माहीत आहे. दोनदा खोटं ठरलं की ते यंत्र वायरीसकट खुंटीला लागेल. म्हणून निकालात ‘बिघाड’ असं न लिहिता ‘आज संध्याकाळी मेगर लावून बघा’ किंवा ‘टीसीवरचा फ्यूज लाइनमनला दाखवा’ असं लिहिलं, तर सूचना चुकली तरी शेतकऱ्याचा दिवस जात नाही. या दुसऱ्या ओळीसाठीच तर लाइनीचा आणि मोटरीचा दोष वेगळा करायचा आहे.

परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे, हेही सांगतो. अथणी-रायबागकडच्या खोल बोअरमध्ये केबल लांब, तिथे व्होल्टेजची घट आणि कपॅसिटिव्ह करंट दोन्ही जास्त. खानापूरकडे विहिरीतली उथळ मोटर असेल तर हेच आकडे वेगळे येतील. रिवाइंड केलेली मोटर नव्या मोटरीसारखी सममित नसते, तिचा पाया वेगळा धरावा लागतो, आणि तुमची तर तीनदा रिवाइंड झालीय. माझा अनुभव मुख्यतः ३ ते १० एचपीचा आहे. साखर कारखान्यातल्या शेकडो किलोवॅटच्या मोटरींना हेच सगळं जसंच्या तसं लागू करू नका.

सुरुवात यंत्रापासून करू नका. पहिले पंधरा दिवस फक्त तीन लाइन व्होल्टेज आणि तीन करंट नोंदवा, मोटर सुरू-बंद झाल्याची वेळ आणि कंडेन्सरवर चालली की थ्री फेजवर हे लिहा. एकदा वायरी फिरवून वरची तिन्ही वाचनं घ्या, तीही लाइनमन किंवा जाणता मिस्त्री बरोबर असतानाच. दर रविवारी मोटर बंद असताना ५०० व्होल्टच्या मेगरने जमिनीशी रोध मोजा. केबल स्टार्टरपासून सोडवून मोजा, नाहीतर स्टार्टरचाच रोध मोजला जातो. ही नोंद घेऊन गाइडना भेटलात तर विषय बदलण्याची गोष्ट बहुधा निघणार नाही.

आणि मला एवढं कळवा: मोटर स्टार आहे की डेल्टा, केबल किती फूट, पाण्यात जोड किती, आणि तिन्ही वेळा जळाली तेव्हा मिस्त्रीला नेमक्या किती फेजा काळ्या दिसल्या. शेवटचं त्यांना आठवत नसेल, तर जळकी कॉइल दुकानाच्या मागे पडली आहे का ते विचारा. पुढचं त्यावर बोलू.